नागरी सहकारी बँका व ठेवींची सुरक्षितता

शहरांतील व निमशहरी भागांतील अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या लोकांच्या बचती ठेवींच्या रूपाने स्वीकारून त्याच लोकांना घर, धंदा, शिक्षण, लग्नकार्य, आजारपण इ. कारणांसाठी कर्जे देणाऱ्या, सहकारी कायद्यान्वये नोंदलेल्या व रिझर्व्ह बँकेचा परवाना धारण करणाऱ्या बँका. कायद्याच्या परिभाषेत त्यांना ‘प्राथमिक सहकारी बँका’ अशी संज्ञा असून व्यवहारात त्या ‘अर्बन बँका’ या नावानेच अधिक परिचित आहेत. भारतातील अशा बँकांपैकी सर्वाधिक बँका महाराष्ट्रात आहेत. राज्यातील बहुतेक तालुक्यांच्या गावी बाजारपेठेत एखादी तरी अर्बन बँक असते आणि निवृत्त शिक्षक, छोटे दुकानदार, विधवा स्त्रिया व गिरणी-कारखान्यांतील कामगार यांची आयुष्यभराची पुंजी पुष्कळदा तीत ठेवलेली असते. ही पुंजी कशाच्या आधारावर सुरक्षित राहते, या प्रश्नाचे उत्तर गेल्या सव्वाशे वर्षांत बदलत गेले आहे. प्रारंभी हा आधार माणसांच्या परस्पर परिचयाचा होता. बँका वाढत गेल्या तसा हा परिचय विरळ झाला. त्याची जागा कायदा, तपासणी आणि विमा यांनी घ्यावयाची होती. ही अदलाबदल फार सावकाश व दीर्घ काळपर्यंत अपुरी झाली आणि या दिरंगाईची झळ प्रामुख्याने ठेवीदारांना लागली.

पूर्वपीठिका : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सामान्य कुटुंबाची बचत सोन्यानाण्याच्या रूपाने घरात राही किंवा सावकाराच्या पेढीवर ठेवली जाई. पेढी बुडाल्यास दाद मागण्याचा मार्ग बहुधा नसे. १८८२ मध्ये सरकारने डाक बचत बँक सुरू केल्यावर नोकरदार वर्गास सुरक्षित जागा उपलब्ध झाली. परंतु डाकघर पैसे ठेवून घेई, कर्ज देत नसे. अडीअडचणीच्या वेळी तोच नोकरदार पुन्हा सावकाराच्या किंवा मुंबईसारख्या शहरात पठाणाच्या दारी जाई. बचत एकीकडे व कर्ज दुसरीकडे, ही विसंगती दूर करणे हा नागरी सहकारी पतसंस्थांचा मूळ हेतू होय.

भारतातील या प्रकारची पहिली संस्था म्हणून बडोद्याच्या ‘अन्योन्य सहकारी मंडळी’चा निर्देश केला जातो. विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या मार्गदर्शनाखाली तेथील मध्यमवर्गीय महाराष्ट्रीय कुटुंबांनी ५ फेब्रुवारी १८८९ रोजी ती स्थापन केली. त्या वेळी सहकारी संस्थांसाठी कोणताही कायदा अस्तित्वात नव्हता; मंडळीचा सर्व व्यवहार सभासदांच्या परस्परविश्वासावर चाले. जर्मनीत शुल्झ-डेलिच यांनी कारागीर व छोटे व्यापारी यांच्यासाठी नागरी पतपेढ्या काढल्या होत्या आणि इटलीत लुझ्झात्ती यांनी त्यांचेच तत्त्व लोकबँकांच्या रूपाने रुजविले होते. भारतीय नागरी पतसंस्थांची घडण याच धर्तीची आहे. राय्फायझेन यांचा ग्रामीण, अमर्यादित जबाबदारीचा नमुना मात्र येथे खेड्यांतील शेती-पतसंस्थांसाठी वापरला गेला.

१९०४ च्या सहकारी पतसंस्था अधिनियमाने अशा संस्थांना कायदेशीर अस्तित्व दिले. ग्रामीण संस्थांवर अमर्यादित जबाबदारीचे बंधन घालण्यात आले, तर नागरी संस्थांना मर्यादित जबाबदारीचा पर्याय मोकळा ठेवण्यात आला. ऑक्टोबर १९०४ मध्ये मद्रास प्रांतातील कांचीपुरम् येथे पहिली नागरी संस्था नोंदली गेली. मुंबई प्रांतात नोव्हेंबर १९०५ मध्ये ‘पायोनियर अर्बन’ ही संस्था मुंबईत आणि जानेवारी १९०६ मध्ये लष्करी हिशेब खात्यातील कर्मचाऱ्यांची व ‘कॉसमॉस’ अशा दोन संस्था पुण्यात निघाल्या. त्याच वर्षी गोकाक व बेळगाव येथे, तसेच तत्कालीन दक्षिण रत्नागिरीतील वरवडे येथे विणकरांची संस्था नोंदली गेली. विठ्ठलदास ठाकरसी व लल्लूभाई सामळदास यांनी पुरस्कारिलेली ‘बॉम्बे अर्बन’ ही संस्थाही १९०६ चीच. श्रीपाद सुब्बराव तालमकी यांनी मुंबईत स्थापिलेली शामराव विठ्ठल संस्था (१९०६), पुण्याची रुपी बँक (१९१२), मुंबईची सीकेपी बँक (१९१५) आणि गिरगावात सुरू झालेली सारस्वत सहकारी बँकिंग संस्था (१९१८) या पुढे नावारूपास आल्या.

या नावांवरूनच त्यांच्या घडणीची कल्पना येते. एखादी जात वा समाज, एखादी कचेरी किंवा एखादा धंदा असे कोणते तरी आधीच अस्तित्वात असलेले नाते या संस्थांच्या मुळाशी होते. जातीच्या पायावर संस्था उभारण्याबाबत पुढे योग्य ती टीका झाली. तथापि बँकव्यवसायाच्या दृष्टीने पाहता त्या नात्याला एक व्यावहारिक अर्थ होता : कर्ज मागणारा कोण, त्याची मिळकत किती, त्याचे शब्द पाळण्याचे वळण कसे, हे समितीतील मंडळींना चौकशी न करताच ठाऊक असे.

परिचयाचे तारण : प्रारंभीच्या संस्थांजवळ भांडवल अत्यल्प असे व बहुतेक कर्जे वैयक्तिक जामिनावर दिली जात. दोन सभासदांनी जामीन राहावयाचे, पगारदारांच्या बाबतीत हप्ता पगारातूनच कापून घ्यावयाचा, ही रीत आजही पगारदारांच्या पतसंस्थांत टिकून आहे. जामीनदार शेजारी किंवा सहकारी असल्याने थकबाकी हा केवळ हिशेबाचा विषय न राहता अब्रूचा विषय बने. ‘एक सभासद, एक मत’ या तत्त्वामुळे मोठ्या भागधारकास वर्चस्व गाजविता येत नसे. लाभांशावर मर्यादा होती व नफ्याचा चतुर्थांश राखीव निधीकडे वळविणे बंधनकारक होते. वार्षिक सभेत अहवाल व ताळेबंद वाचून दाखविला जाई आणि सरकारी निबंधकाकडून लेखापरीक्षण होई.

या व्यवस्थेची कसोटी लवकरच लागली. स्वदेशीच्या लाटेत निघालेल्या अनेक भागभांडवली बँका १९१३-१४ च्या अरिष्टात कोसळल्या. अशा ५७ बँका त्या काळात बंद पडल्याची नोंद आहे. लाहोरची पीपल्स बँक आणि मुंबईची इंडियन स्पेसी बँक ही त्यांतील ठळक नावे. अशा वेळी सर्वच लहान बँकांकडून लोक पैसे काढून घेतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात उलट घडले. बहुतेक प्रांतांत भागभांडवली बँकांमधून काढलेला पैसा सहकारी संस्थांकडे आला. सर एडवर्ड मॅक्लॅगन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९१५ च्या आपल्या अहवालात या घटनेची मीमांसा केली आहे. सहकारी संस्थांचे स्थानिक स्वरूप व त्यांच्या कारभाराचा उघडेपणा ही कारणे तिने दिली; परंतु मुख्य कारण तिच्या मते सहकारी चळवळीशी असलेला सरकारचा संबंध हे होते. हा निष्कर्ष मार्मिक आहे. संस्थेच्या मागे सरकार उभे आहे असे ठेवीदार मानीत होता. सरकार मात्र नोंदणी व लेखापरीक्षण यांपलीकडे कसलीही हमी देत नव्हते. ठेवीदाराची समजूत आणि वस्तुस्थिती यांतील हे अंतर पुढे अनेक दशके तसेच राहिले.

घडणीतील बदल : पहिल्या पिढीच्या संस्थेत ठेवीदार, कर्जदार व संचालक ही एकाच वर्तुळातील माणसे होती. संस्थेचा पैसा बुडाला तर संचालकाच्या स्वतःच्या घरातील बचतही बुडे. संस्था वाढून बँक झाली, तिच्या शाखा निघाल्या, तेव्हा हे वर्तुळ फुटले. कर्ज घेण्यासाठी सभासद होणे आवश्यक असते व कर्जाच्या प्रमाणात भाग घ्यावे लागतात. ठेव ठेवण्यासाठी सभासदत्वाची गरज नसते. परिणामी सभासदांच्या यादीत कर्जदारांचे प्राबल्य झाले आणि ज्यांच्या पैशावर बँक चालते त्या ठेवीदारांपैकी बहुतेकांना संचालक निवडण्याचा अधिकारच उरला नाही. कर्जदारांनी निवडलेल्या मंडळाने ठेवीदारांचे पैसे सांभाळावयाचे, अशी ही रचना आहे. रिझर्व्ह बँकेच्या अनेक समित्यांनी तिच्यातील धोका दाखवून दिला. मात्र मतदानाचे सहकारी तत्त्व आणि ठेवीदारांचे हित यांचा मेळ घालणारा मार्ग दीर्घ काळ सापडला नाही.

याच सुमारास संचालकपदाला राजकीय मोल आले. महाराष्ट्रात साखर कारखाना, जिल्हा मध्यवर्ती बँक व बाजार समिती यांच्या जोडीला अर्बन बँकही स्थानिक नेतृत्वाची पायरी बनली. त्यातून काही बँकांना कर्तबगार संचालक लाभले, हे नमूद केले पाहिजे. परंतु ज्या परिचयामुळे पूर्वी कर्जदाराची पारख होई, त्याच परिचयामुळे आता ‘आपल्या माणसा’ला पुरेसे तारण न घेता कर्ज मिळू लागले. संचालक व त्यांचे नातेवाईक यांना कर्जे देण्यावर रिझर्व्ह बँकेने २००३ मध्ये बंदी घातली. त्यानंतरही नातेवाइकांऐवजी हितसंबंधी व्यक्तींच्या नावे कर्जे घेण्याचे प्रकार काही बँकांत आढळले.

स्थानिकपणाचा आणखी एक धोका प्रामाणिक बँकेलाही टळत नाही. इचलकरंजी किंवा भिवंडीसारख्या यंत्रमागांवर जगणाऱ्या गावी बँकेचे कर्जदार त्याच धंद्यात असतात आणि ठेवीदारांचे उत्पन्नही त्याच धंद्यावर अवलंबून असते. सुताच्या वा कापडाच्या बाजारात मंदी आली, की एकीकडे हप्ते थकतात व दुसरीकडे घरखर्चासाठी ठेवी काढल्या जातात. राष्ट्रव्यापी बँकेत एका भागातील तोटा दुसऱ्या भागातील नफ्याने भरून निघतो. एकाच गावातील बँकेला ही सोय नसते. म्हणून लहान बँकेला राखीव निधी व रोखता यांची गरज मोठ्या बँकेहून अधिक असते. व्यवहारात पुष्कळदा त्याच्या उलट स्थिती आढळते.

कायदा व दुहेरी नियंत्रण : १९३९ च्या मेहता-भन्साळी समितीने विशिष्ट अटी पुऱ्या करणाऱ्या नागरी पतसंस्थांना बँक म्हणून मान्यता द्यावी, अशी शिफारस केली. वर्दे समितीने (१९६३) एक लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या सर्व शहरांत नागरी बँका स्थापन व्हाव्यात असे सुचविले. तोपर्यंत या बँका पूर्णपणे राज्याच्या सहकार खात्याच्या अधिकारात होत्या. १ मार्च १९६६ पासून १९४९ चा बँकिंग विनियमन अधिनियम काही फेरफारांसह सहकारी बँकांना लागू करण्यात आला. भरणा झालेले भांडवल व राखीव निधी मिळून किमान एक लाख रुपये असलेली नागरी पतसंस्था ही ‘प्राथमिक सहकारी बँक’ ठरली व ती रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत आली.

या तारखेपासून दुहेरी नियंत्रणास प्रारंभ झाला. परवाना, व्याज, कर्जविषयक नियम, रोख राखीव प्रमाण व तपासणी हे विषय रिझर्व्ह बँकेकडे आले; नोंदणी, निवडणुका, लेखापरीक्षण, संचालकांवरील कारवाई आणि अवसायन हे विषय सहकार निबंधकाकडेच राहिले. एकापेक्षा अधिक राज्यांत काम करणाऱ्या बँकांच्या बाबतीत हे अधिकार केंद्रीय निबंधकाकडे असत. रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत एखादे संचालक मंडळ दोषी आढळले, तरी ते बरखास्त करावयाचे झाल्यास तिला निबंधकाकरवीच ते करावे लागे. तिच्या हाती स्वतःचे असे प्रभावी साधन एकच होते, ते म्हणजे व्यवहारांवर निर्बंध घालणे किंवा परवाना रद्द करणे. या उपायांनी गैरकारभार थांबतो, पण ठेवीदाराचे पैसेही त्याच क्षणी अडकतात. रोग्याला उपाशी ठेवून आजार हटविण्यासारखा हा मार्ग होता आणि तोच अर्धशतकभर अनुसरला गेला.

ठेव विमा : ठेवींना विम्याचे संरक्षण देण्याची कल्पना भारतात बँकांच्या अपयशातूनच मूर्त झाली. १९६० मध्ये अकोल्याची लक्ष्मी बँक व त्यानंतर केरळमधील पलाई सेंट्रल बँक बंद पडली. दुसऱ्या घटनेचे पडसाद देशभर उमटले. १९६१ मध्ये ठेव विमा महामंडळाचा अधिनियम संमत होऊन १ जानेवारी १९६२ पासून महामंडळाचे कार्य सुरू झाले. संरक्षणाची मर्यादा प्रत्येक ठेवीदारामागे रु. १,५०० होती व ती फक्त व्यापारी बँकांपुरती होती. १९६८ च्या दुरुस्तीने सहकारी बँकांसाठी मार्ग खुला केला आणि संबंधित राज्यांनी आपापल्या कायद्यांत आवश्यक बदल केल्यावर १९७१ पासून त्या टप्प्याटप्प्याने या योजनेत आल्या. १९७८ मध्ये या महामंडळाचे पतहमी महामंडळाशी एकीकरण होऊन सध्याचे ‘ठेव विमा व पतहमी महामंडळ’ अस्तित्वात आले. विम्याची मर्यादा १९६८ मध्ये रु. ५,०००, १९७० मध्ये रु. १०,०००, १९७६ मध्ये रु. २०,०००, १९८० मध्ये रु. ३०,००० आणि १ मे १९९३ पासून रु. १ लाख अशी वाढत गेली. त्यानंतर जवळजवळ सत्तावीस वर्षे ती स्थिर राहिली; ४ फेब्रुवारी २०२० पासून ती रु. ५ लाख करण्यात आली.

विम्याचा हप्ता बँक भरते, ठेवीदाराकडून तो वसूल करता येत नाही. एका बँकेच्या सर्व शाखांतील एकाच व्यक्तीच्या एकाच नात्याने ठेवलेल्या बचत, चालू, मुदत व आवर्त ठेवी एकत्र धरल्या जातात आणि मर्यादेत मुद्दल व व्याज दोहोंचा समावेश होतो. म्हणजेच पाच लाखांची मुदत ठेव पूर्णतः सुरक्षित आहे ही समजूत बरोबर नाही. तिच्यावर साचलेले व्याज मर्यादेबाहेर जाते. संयुक्त नावाची ठेव स्वतंत्र मानली जाते, तसेच दुसऱ्या बँकेतील ठेवही स्वतंत्र मोजली जाते. सभासदाने घेतलेले भाग मात्र ठेव नसल्याने त्यांना हे संरक्षण मिळत नाही. गृहनिर्माण संस्था, विश्वस्त संस्था व पतसंस्था यांच्या ठेवी कितीही मोठ्या असल्या, तरी संस्थेस एक ठेवीदार मानून पाच लाखांचीच मर्यादा लागू होते. एखादी बँक बुडाली की तिच्यात पैसे ठेवणाऱ्या छोट्या पतसंस्थाही अडचणीत येतात, त्याचे कारण हेच.

पतसंस्थेचा उल्लेख येथे वेगळ्या दृष्टीनेही आवश्यक आहे. गावोगावच्या सहकारी पतसंस्था बँकेसारखेच फलक लावतात, त्यांचे पिग्मी प्रतिनिधी रोज दुकानोदुकानी फिरून छोट्या रकमा गोळा करतात आणि ठेवीवर एक-दोन टक्के अधिक व्याज देऊ करतात. (रोजची अल्पबचत घरपोच गोळा करण्याची ही ‘पिग्मी’ पद्धत १९२८ मध्ये उडुपीच्या कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेटने रूढ केली.) परंतु पतसंस्थेस रिझर्व्ह बँकेचा परवाना नसतो व तिच्या ठेवींना ठेव विम्याचे संरक्षणही नसते. सामान्य माणूस पासबुकाकडे पाहून दोहोंत फरक करू शकत नाही. परवाना नसलेल्या सहकारी संस्थांनी आपल्या नावात ‘बँक’ हा शब्द वापरू नये, असा इशारा रिझर्व्ह बँकेला २०२१ मध्ये जाहीररीत्या द्यावा लागला.

विस्तार व पडझड : मराठे समितीच्या (१९९२) शिफारशींनुसार परवाना देण्याचे धोरण सैल करण्यात आले आणि पुढील दहा वर्षांत अनेक नव्या नागरी बँका निघाल्या. त्यांतून काही चांगल्या संस्थाही उभ्या राहिल्या. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे १९९७ मध्ये स्थापन झालेली माणदेशी महिला सहकारी बँक हे त्याचे उदाहरण होय. प्रवर्तक स्त्रिया निरक्षर असल्याने तिचा परवान्याचा पहिला अर्ज नाकारला गेला होता. तथापि या काळात परवाना मिळालेल्या बँकांपैकी जवळजवळ एक तृतीयांश बँका अल्पावधीतच दुर्बल ठरल्या.

मार्च २००१ मध्ये अहमदाबादच्या माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँकेचे अपयश उघडकीस आले. तिने शेअर बाजारातील दलालास मर्यादेबाहेर कर्जे दिली होती आणि गुजरातमधील अनेक लहान सहकारी बँकांच्या ठेवी तिच्यात गुंतल्या होत्या. एका बँकेच्या पतनाने इतरांना ओढल्याचे हे ठळक उदाहरण आहे. २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने नवे परवाने देणे थांबविले. त्या वर्षी देशात १,९०० च्या वर नागरी बँका होत्या. विलीनीकरण व परवाना रद्द होणे यांमुळे २०२४ पर्यंत त्यांची संख्या १,५०० च्या आत आली. बडोद्याची पहिली अन्योन्य संस्थाही या शतकाच्या पहिल्या दशकात अडचणीत येऊन बंद पडली. सीकेपी बँकेचा परवाना एप्रिल २०२० मध्ये रद्द झाला. गोव्यातील म्हापसा अर्बन बँकेचा त्याच महिन्यात आणि मडगाव अर्बन बँकेचा २०२१ मध्ये रद्द करण्यात आला.

रुपी बँकेची हकीकत ठेवीदाराच्या दृष्टीने विशेष बोलकी आहे. शंभर वर्षे पूर्ण झालेल्या या बँकेवर फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध घालण्यात आले. ते वारंवार वाढविले गेले, विलीनीकरणाचे प्रस्ताव आले व मागे पडले. बँक बुडाली असे अधिकृतपणे जाहीर न झाल्याने विम्याचे पैसे मिळत नव्हते आणि निर्बंधांमुळे स्वतःचे पैसेही काढता येत नव्हते. विम्याची तरतूद बँकेच्या मृत्यूसाठी होती, दीर्घ आजारासाठी नव्हती. अखेर २०२२ मध्ये ठेवीदारांना विम्याच्या रकमा मिळाल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बँकेचा परवाना रद्द झाला. निवृत्तीच्या वयात ज्यांनी ठेवी ठेवल्या, त्यांच्यासाठी नऊ वर्षांचा हा काळ किती मोठा असतो हे सांगावयास नको.

पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेचे प्रकरण याहून मोठे होते. १९८४ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या या बँकेत सु. ११,६०० कोटी रुपयांच्या ठेवी व नऊ लाखांहून अधिक ठेवीदार होते. २३ सप्टेंबर २०१९ रोजी तिच्यावर निर्बंध आले आणि सुरुवातीस प्रत्येक खात्यातून केवळ रु. १,००० काढण्याची मुभा मिळाली. पुढे ही मर्यादा क्रमाने वाढविण्यात आली. बँकेने दिलेल्या कर्जांपैकी सु. ७३ टक्के रक्कम एकाच बांधकाम उद्योगसमूहाकडे होती व ती लपविण्यासाठी हजारो बनावट खाती दाखविली गेली होती, असे तपासातून पुढे आले. बँकेचे प्रसिद्ध झालेले ताळेबंद तोवर निर्दोष दिसत होते आणि लेखापरीक्षणात हा प्रकार पकडला गेला नव्हता. सहकारी संस्थेची सुरक्षितता जिच्या उघडेपणात आहे असे मॅक्लॅगन समितीने मानले, तो उघडेपणा संगणकीय हिशेबांच्या आड नाहीसा झाला होता. ही बँक जानेवारी २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन करण्यात आली. पाच लाखांपर्यंतच्या ठेवी विम्यातून भागविण्यात आल्या; त्यावरील रकमा दहा वर्षांपर्यंत हप्त्यांनी देण्याची योजना ठरली.

अलीकडील सुधारणा : या प्रकरणाने दुहेरी नियंत्रणाचा प्रश्न निकालात काढण्यास भाग पाडले. २०२० च्या दुरुस्तीने संचालक मंडळ बरखास्त करणे, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या व लेखापरीक्षकाच्या नेमणुकीस मान्यता देणे, तसेच निर्बंध न घालताही पुनर्रचना किंवा विलीनीकरण योजना आखणे हे अधिकार रिझर्व्ह बँकेकडे आले. संचालकांची सलग कारकीर्द आठ वर्षांपुरती मर्यादित झाली. २०२५ च्या कायद्याने ती दहा वर्षे करण्यात आली. सहकारी चळवळीतील अनेकांनी या बदलांना स्वायत्ततेवरील आक्रमण म्हणून विरोध केला. चांगल्या चाललेल्या बँकांच्या बाबतीत या आक्षेपात तथ्य आहे. परंतु स्वायत्तता सभासदांची आणि जोखीम ठेवीदारांची, अशी स्थिती असताना तो पुरेसा ठरत नाही. २०२१ च्या दुसऱ्या दुरुस्तीने, निर्बंध घातल्यापासून नव्वद दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद केली. रुपी बँकेच्या ठेवीदारांची सुटका झाली ती याच तरतुदीमुळे.

डिसेंबर २०२२ पासून नागरी बँकांची ठेवींच्या आकारानुसार चार स्तरांत विभागणी झाली असून मोठ्या बँकांना भांडवलाचे कठोर निकष लागू करण्यात आले. लहान बँकांना तंत्रज्ञान, भांडवल व रोखता यांबाबत साहाय्य देणारी एक शिखर संस्था मार्च २०२४ मध्ये कार्यान्वित झाली. तिची निकड वेगळ्या घटनेने आधीच पटली होती. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेच्या संगणक यंत्रणेवर हल्ला होऊन दोन दिवसांत सु. ९४ कोटी रुपये देशात व परदेशांत काढून घेण्यात आले. तो तोटा बँकेने सोसला, ठेवीदारांच्या खात्यांना झळ पोहोचली नाही. एवढा तोटा सोसण्याची ताकद तालुक्याच्या गावातील बँकेकडे नसते.

ठेवीदारास स्वतः पडताळता येतील अशा गोष्टी मोजक्याच आहेत. विमाधारक बँकांची यादी महामंडळ प्रसिद्ध करते. ताळेबंदातील भांडवल-पर्याप्ततेचे प्रमाण, निव्वळ अनुत्पादित कर्जांचे प्रमाण व लेखापरीक्षकाने दिलेला दर्जा या तीन बाबी वार्षिक अहवालात असतात. निव्वळ अनुत्पादित कर्जे तीन टक्क्यांपेक्षा अधिक नसावीत, हा निकष रिझर्व्ह बँक सुस्थित बँक ठरविताना वापरते. इतर बँकांपेक्षा लक्षणीय अधिक व्याज, लांबणीवर पडलेली वार्षिक सभा, वेळेवर न निघालेला अहवाल ही चिन्हे आकड्यांच्या आधी दिसतात. मुंबईतील कामगार चळवळीतून १९६८ मध्ये ‘बॉम्बे लेबर को-ऑपरेटिव्ह बँक’ या नावाने निघालेल्या व पुढे न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बँकेत मात्र या कोणत्याही चिन्हाने सावध केले नसते असा प्रकार घडला : तिजोरीतील सु. १२२ कोटी रुपयांची रोकड हिशेबात होती, प्रत्यक्षात नव्हती. रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत ही तफावत आढळल्यावर फेब्रुवारी २०२५ मध्ये निर्बंध आले, संचालक मंडळ बरखास्त झाले, दोन आठवड्यांत प्रत्येक ठेवीदारास रु. २५,००० पर्यंत रक्कम काढण्याची मुभा मिळाली आणि ४ ऑगस्ट २०२५ रोजी ही बँक सारस्वत बँकेत विलीन करण्यात आली.